फी माफ झाली, क्लास कोण माफ करणार?

राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी एक शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गीय यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत जाहीर झाली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती लागू झाली. त्यापोटी तिजोरीवर सुमारे ९०६ कोटी रुपयांचा जादा भार पडेल असे सरकारने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्यामुळे निर्णयाचा गाजावाजा किती झाला असेल हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आम्ही या निर्णयाचे स्वागत करतो. बहुजन समाजाची एक मुलगी जरी त्यामुळे इंजिनिअर किंवा फार्मासिस्ट झाली, तरी सावित्रीमाईच्या महाराष्ट्रात ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्या वेळी आमच्याच काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारले, ‘आपल्या मुलांना तर भारत सरकारची स्कॉलरशिप आणि फ्रीशिप आधीपासूनच आहे. मग आपल्याला त्याचे काय?’ हा प्रश्न चुकीचा आहे. मोफत शिक्षण शुल्काचा सर्वात जुना अनुभव या राज्यात कोणाकडे असेल तर तो आपल्याकडे आहे. फी माफ झाल्यावर काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आपण आपल्या घरात पाहिले आहे. तेव्हा त्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारीही आपलीच आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या कार्यालयात एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. जयभीम झाला, पाणी झाले. बाप एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेली. बारावीला ८० टक्क्यांच्या वर गुण, पण सीईटीत पर्सेंटाईल ६० च्या आसपास. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत तिला हवी ती शाखा मिळाली नाही. एका खासगी कॉलेजच्या कारकुनाने संस्था स्तरावरची जागा दिली आणि ‘स्कॉलरशिप लागेल, काळजी करू नका’ असे सांगितले. दोन महिन्यांनी त्याच खिडकीवरून पूर्ण फीची मागणी आली, कारण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला नव्हता. मूळ कागदपत्रे अडकली. आम्ही नोटीस पाठवली, कागद परत मिळाले. पण मुलीचे वर्ष गेले.

आम्ही सहज विचारले, सीईटीचा क्लास लावला होता का? बाप म्हणाला, ‘वकीलसाहेब, शिक्षण फुकट हाय म्हणून ऐकलं होतं. त्या क्लासचं पैसं वेगळं लागतंय, हे आम्हाला कोण सांगणार?’

या एका वाक्यात आजच्या लेखाचा सगळा विषय आला आहे.

दोन दारे

उच्च शिक्षणाच्या वाटेवर दोन दारे आहेत. एक फीचे आणि दुसरे गुणांचे. सरकार जेव्हा फीचे दार उघडते, तेव्हा गुणांचे दार आपोआप उघडत नाही. उलट ते अधिक अरुंद होते. कारण साधे आहे. फी नसेल तर शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या वाढते. जी मुलगी बी.ए. करून घरी बसली असती ती आता अभियांत्रिकीचा अर्ज भरते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण चांगल्या कॉलेजातील जागा तितक्याच राहिल्या तर रांग लांबते, आणि रांगेत पुढे कोण उभे राहणार हे ठरवण्याचे काम प्रवेश परीक्षेकडे जाते. सीईटीला आता दरवर्षी सात लाखांच्या वर विद्यार्थी नोंदणी करतात. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले आहेत.

मग ज्याच्याकडे पैसा आहे तो काय करतो? जी रक्कम त्याला पूर्वी कॉलेजच्या खिडकीवर भरावी लागली असती, ती तो दोन वर्षे आधी क्लासच्या खिडकीवर भरतो. समजा एखाद्या कॉलेजची फी वर्षाला एक लाख आहे. फेरीतून जागा मिळाली तर चार वर्षांचे चार लाख वाचतात. नाही मिळाली आणि व्यवस्थापन कोट्यातून जावे लागले, तर सगळे भरावे लागतात. अशा वेळी अकरावी-बारावीच्या क्लासला दोन लाख घालणे हा त्या घराच्या दृष्टीने खर्च राहत नाही, ती गुंतवणूक होते. सवलत जितकी मोठी, तितकी सीईटीच्या एकेका गुणाची किंमत मोठी. क्लासवाल्याला हे गणित अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा आधी कळते.

२०२४ च्या शासन निर्णयात हेच आहे. सवलत कोणाला? तर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळालेल्या मुलीला. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला तर सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांनाही ती लागू नाही. कायद्याच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे, कारण ती नसती तर संस्थाचालकांनी कोट्याच्या जागा विकून वर सरकारकडूनही पैसे उकळले असते. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतही व्यवस्थापन कोट्याला लाभ नाही तो याचसाठी. पण या अटीचा सामाजिक अर्थ असा होतो की, जिला क्लास परवडला ती फेरीत बसली आणि तिची फी माफ झाली. जिला क्लास परवडला नाही ती फेरीबाहेर गेली आणि तिच्या वाट्याला पूर्ण फी आली. म्हणजे गरिबासाठी काढलेली योजना गरिबातल्या गरिबाला दारातूनच परत पाठवते.

इजिप्तचा धडा

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. इजिप्तमध्ये अंध लेखक ताहा हुसेन १९५० साली शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हे हवा-पाण्यासारखे सर्वांना मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी शालेय शिक्षण मोफत केले. पुढे १९६२ साली अध्यक्ष नासर यांनी विद्यापीठाचे शिक्षणही मोफत केले आणि १९६४ पासून पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली. शेतकऱ्यांची, कामगारांची मुले प्रथमच विद्यापीठात दिसू लागली. क्रांतिकारक असेच ते पाऊल होते.

परंतु पुढे काय झाले? मागणी वाढत गेली, वर्ग फुगले, शिक्षकांचे पगार घसरले. वैद्यकीय व अभियांत्रिकी विद्याशाखांचा प्रवेश ‘सनाविया आम्मा’ या शालान्त परीक्षेच्या गुणांवर ठरत असल्याने सगळ्या देशाचा जीव त्या एका परीक्षेत अडकला. दिवसा शाळेत कमी पगारावर शिकवणारा शिक्षक संध्याकाळी त्याच मुलांना पैसे घेऊन शिकवू लागला. शेवटच्या वर्षाला मुले शाळेतच जाईनाशी झाली. विद्यापीठ कागदावर मोफत राहिले, पण त्याच्या दाराशी जाण्याचा रस्ता टोलनाक्यांनी भरून गेला.

ग्रीसची कथा वेगळी नाही. तेथे १९६४ साली उच्च शिक्षण मोफत झाले, १९७५ च्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने त्याला हक्काचे रूप दिले. आणि त्याच देशात ‘फ्रोंतिस्तिरिया’ म्हणजे खासगी क्लास गल्लोगल्ली उभे राहिले. विद्यापीठाची फी शून्य, पण प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी घराघरातून पैसा जातो. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांतले ऐपतदार मुलांना इटली, इंग्लंडला पाठवत आले. गरिबाच्या मुलाचा प्रवास तेथेच संपत आला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. क्लासचा रोग केवळ मोफत शिक्षणामुळे होतो असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. दक्षिण कोरियात विद्यापीठे चांगली घसघशीत फी घेतात आणि तरीही तेथे क्लासचे पीक जगात सर्वात दाट आहे. तेथल्या लष्करी राजवटीने १९८० साली खासगी शिकवणीवर बंदीच घातली होती. श्रीमंतांची शिकवणी गुपचूप चालूच राहिली, आणि २००० साली तेथील घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. याचा अर्थ असा की, क्लासचे मूळ थोड्या जागा, कमकुवत शाळा आणि एका परीक्षेवर टांगलेले आयुष्य या तीन गोष्टींत आहे. फी माफीने हे मूळ निर्माण होत नाही. पण मूळ तसेच ठेवून फी माफ केली, तर त्या मुळाला पाणी मिळते.

धनदांडग्यांचा निष्कर्ष आणि आमचा निष्कर्ष

या अनुभवावरून जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात निष्कर्ष काढला की, मोफत उच्च शिक्षणाचा फायदा शेवटी सुखवस्तूंनाच होतो, म्हणून फी वाढवा, खर्च विद्यार्थ्यांकडून वसूल करा. आपल्या देशात २००० साली मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेला शिक्षणावरचा अहवाल दिला. उच्च शिक्षण घेणाऱ्याने त्याची किंमत मोजावी हाच त्याचा सूर होता. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या ‘खाउजा’ धोरणाचे ते शैक्षणिक रूप होते.

त्यांचे निदान अर्धे खरे आहे, म्हणून ते अधिक धोकादायक आहे. फायदा वरच्यांना जास्त मिळतो हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून फी लावली तर वरचा वर्ग क्लासही भरेल आणि फीही भरेल. आमचा माणूस मात्र दोन्ही दारांवर अडेल. पाय दुखतो म्हणून मान कापण्याचा हा सल्ला आहे.

या वादात आम्हाला वाट दाखवणारा माणूस १९२७ सालीच बोलून गेला आहे. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठवडा उरला असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अर्थसंकल्पावर बोलले. त्यांनी आकडे मांडले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कूलच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, हे दाखवून त्यांनी त्याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. खालच्या वर्गांना उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. पण त्यांनी तेथेच दुसरीही गोष्ट सांगितली. जे मुळात समान पातळीवर नाहीत त्यांना समान वागणूक दिली तर समता येत नाही. मागे पडलेल्यांना झुकते माप द्यावे लागते. म्हणजे स्वस्त शिक्षण हे पहिले पाऊल आणि विशेष साहाय्य हे दुसरे. आजचे सरकार पहिले पाऊल टाकून जाहिरात करते आणि दुसऱ्या पावलाचे नावही घेत नाही.

त्याआधी १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच दुखणे सांगितले होते. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खालच्या जातींच्या प्राथमिक शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होते, ही त्यांची तक्रार होती. आज गावच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही आणि शहरातल्या कॉलेजची फी सरकार भरते, तेव्हा जोतीरावांचा प्रश्न तसाच्या तसा उभा राहतो.

पैसा नेमका कोठे जातो

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ साली शिक्षणावरील खर्चाची पाहणी केली. शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के खासगी शिकवणी लावतात असे तीत आढळले; शहरात ३०.७ टक्के, ग्रामीण भागात २५.५ टक्के. उच्च माध्यमिक स्तरावर शिकवणीवरचा सरासरी खर्च शहरात ९,९५० रुपये, तर ग्रामीण भागात ४,५४८ रुपये निघाला. ही सरासरी आहे. तीत शिकवणी न लावणारेही आले आणि लाखांत मोजणारेही आले. सरासरीतसुद्धा शहर गावाच्या दुप्पट आहे, एवढे ध्यानात घ्यावे. गंमत अशी की, खासगी क्लासच्या फीवर सरकार १८ टक्के जीएसटी घेते. एका खिडकीवर फी माफ करायची आणि दुसऱ्या खिडकीवर त्याच विद्यार्थ्याकडून कर घ्यायचा, असा हा कारभार आहे.

माफ झालेल्या फीचा पैसा तरी कोठे जातो? तो विद्यार्थ्याच्या हातात राहत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले आणि महाराष्ट्रात शिक्षणसम्राटांची पिढी तयार झाली. २००५ च्या इनामदार निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांवर राज्याचा कोटा लादता येणार नाही असे सांगितले. त्याच वर्षी संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून १५ (५) हे कलम आणले, पण फी कोण देणार हा प्रश्न उरलाच. राज्य सरकार शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेली फी प्रतिपूर्ती म्हणून संस्थांना देते. म्हणजे सरकार स्वतःची कॉलेजे काढत नाही, खासगी कॉलेजांचे ग्राहक होते. प्रतिपूर्ती उशिरा आली की संस्था विद्यार्थ्याला वेठीस धरते. निकाल अडवते, दाखला अडवते. या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांची रांग आमच्यासारख्या प्रत्येक चळवळीतल्या वकिलाच्या दारात दरवर्षी लागते.

आणि शिक्षण शुल्क म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. २०२४ सालचे धनबाद आयआयटीचे प्रकरण आठवा. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क २०१६ पासून पूर्ण माफ आहे. तरीही उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या दलित मुलाची जागा, १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. तो मुलगा दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोहोचला म्हणून देशाला कळला. जे तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरून परत गेले त्यांची नोंद कोठे आहे? वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पण तिचा हप्ता वर्ष संपत आल्यावर आला, तर खोलीचे भाडे तोवर कोणी भरायचे?

आपल्या घरातली गोष्ट

आता थोडे कटू बोलू. क्लासचा फटका फक्त ब्राह्मणी व्यवस्था आणि आपण यांच्यातच बसतो असे नाही. तो आपल्या समाजाच्या आतही बसतो. आमच्या पिढीला बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या शिष्यवृत्तीने वर काढले. १९४२ साली त्यांनी व्हाईसरॉयला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी मागितला. १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. आम्ही स्वतः त्याच शिष्यवृत्तीवर वकील झालो. त्या वेळी वसतिगृहातल्या सगळ्या मुलांची परिस्थिती थोड्याफार फरकाने सारखीच होती; क्लास कोणालाच नव्हता.

आज तसे नाही. शहरात सरकारी नोकरीत असलेल्या आपल्या बांधवाचा मुलगा आठवीपासून क्लासला जातो. लातूरला, पुण्याला, कोट्याला पाठवला जातो. त्यात गैर काहीच नाही. बापाने आपल्या लेकराला शिकवावे हीच बाबासाहेबांची शिकवण. पण राखीव जागेच्या यादीत त्या मुलाच्या मागे उसतोड कामगाराची मुलगी उभी आहे, आणि तिच्यापर्यंत जागा पोहोचत नाही. याचा फायदा घेऊन क्रीमी लेयरची आरोळी ठोकणारे टपलेलेच आहेत. त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे: जात नोकरीने जात नाही, घर शहरात घेतल्यानेही जात नाही, म्हणून आरक्षणावर उत्पन्नाची कात्री चालवू देणार नाही. पण हे उत्तर देण्याचा नैतिक अधिकार आपण त्या उसतोड कामगाराच्या मुलीसाठी काय करतो यावर अवलंबून आहे. जो आधी पोहोचला त्याने मागच्याला हात दिला नाही, तर उद्या फूट पाडणाऱ्याला आपल्याच वस्तीत श्रोते मिळतील.

मग मागायचे काय?

क्लासवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. कोरियाचा अनुभव समोर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे. पण तो कायदा आठवीपर्यंत थांबतो आणि क्लासचा खरा धंदा त्यानंतर सुरू होतो. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नका असे सांगितले, पण त्या मार्गदर्शक सूचना आहेत. राज्याने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा आदेश काढला, कारण मुले नावापुरती कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असत. अंगठा लावण्याचे यंत्र आले तरी वर्गात शिकवणारा नसेल, तर अंगठा लावून मूल कोठे जाणार?

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे.

पहिली मागणी: तामिळनाडूकडे पहा. त्या राज्याने २००६ साली व्यावसायिक प्रवेशाची स्वतःची प्रवेश परीक्षाच रद्द केली. पुढे नीट लादली गेली आणि सरकारी शाळेतील मुले वैद्यकीय प्रवेशातून जवळजवळ हद्दपार होऊ लागली. तेव्हा त्याने २०२० साली कायदा करून सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या, २०२१ साली ते अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांनाही लागू केले आणि त्या मुलांची फी सरकारने उचलली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली वैद्यकीय प्रवेशाचा हा कायदा वैध ठरवला. जातीय आरक्षणाला धक्का न लावता, प्रत्येक प्रवर्गाच्या आत हा लाभ मिळतो. केवळ परीक्षा बदलून भागत नाही, कारण बारावीच्या गुणांवर प्रवेश होते तेव्हा तामिळनाडूतही नामक्कलच्या निवासी शाळांनी घोकंपट्टीचे कारखाने काढलेच होते. पण शाळा पाहून जागा दिली की क्लासवाल्याची किल्ली त्या कुलपाला लागत नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, नगरपालिका आणि आश्रमशाळांतून शिकलेल्या मुलामुलींसाठी असा कायदा का होऊ नये? शाळा कोणत्या वर्षापासूनची धरायची हे कायद्यात नीट बांधावे लागेल. नाहीतर शेवटच्या दोन वर्षांपुरते दाखले फिरतील.

दुसरी मागणी: सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतील जागा वाढवा. प्रतिपूर्तीवर जाणाऱ्या पैशातून दरवर्षी नवी सरकारी कॉलेजे उभी राहिली असती तर रांगच आखूड झाली असती.

तिसरी मागणी: कनिष्ठ महाविद्यालयांतील रिक्त पदे भरा. अकरावी-बारावीचा वर्ग नीट भरला तर निम्मा क्लास तेथेच संपतो.

चौथी मागणी: सामाजिक न्याय विभाग आणि बार्टी यांचा पूर्वप्रशिक्षणाचा पैसा खासगी क्लासच्या गल्ल्यात न टाकता आपल्याच शासकीय वसतिगृहांत व निवासी शाळांत कायमस्वरूपी शिक्षक नेमण्यासाठी वापरा. सरकारच क्लासचे गिऱ्हाईक झाले तर क्लासला वेसण कोण घालणार?

आणि पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपण करायची आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करताना आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उघडताना बाबासाहेबांनी सरकारची वाट पाहिली नाही. आज गावोगावी बुद्धविहारे आहेत. रविवारी वंदना होते, मग कुलूप लागते. ज्या विहारांत अभ्यासिका चालतात तेथून मुले अधिकारी झाली, हे आपण पाहतो. १४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला अर्धा भाग जरी बाजूला काढला, तरी तालुक्यातल्या एका विहारात सीईटीच्या गणित-भौतिकशास्त्राचा वर्ग वर्षभर चालू शकतो. शिकवायला आपल्याच समाजातले इंजिनिअर, प्राध्यापक आहेत. हाराऐवजी एक वही, एक पेन ही मोहीम आपण राबवून दाखवली. आता त्या वहीत गणित सोडवून देणारा माणूस हवा आहे. फेरीचे कागद, जात पडताळणी, मुदती, शपथपत्रे यांचे काम वकिलांनी घ्यावे. दर जून महिन्यात आम्ही ते आमच्या कार्यालयात विनामूल्य करतो. प्रत्येक तालुक्यातल्या वकीलबांधवांनी ते करावे अशी आमची विनंती आहे.

त्या वॉचमनच्या मुलीने वर्ष वाया गेल्यावर पुस्तक मिटले नाही. वस्तीतल्या विहारात एक निवृत्त शिक्षक तिला आणि तिच्यासोबतच्या सहा-सात मुलांना संध्याकाळी शिकवू लागले. तिने पुन्हा सीईटी दिली आणि या वेळी फेरीतून तिला जागा मिळाली. फी माफ झाली. बाप पेढे घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, बाकीच्या मुलांचे काय? तो म्हणाला, ‘दोघांना लागली, बाकीच्यांना नाही. सर एकटेच हायेत ना.’

सर एकटे आहेत, हीच आजची अडचण आहे. फी माफीचा शासन निर्णय मंत्रालयात निघतो. पण त्या निर्णयापर्यंत आपल्या मुलीला पोहोचवणारा रस्ता वस्तीतून सुरू होतो. तो बांधायला सरकारला भाग पाडू आणि तोवर आपणही कुदळ हातात घेऊ.

जयभीम!